विहीणबाईंचा समुद्र

रात्रीचे सव्वादहा. सहकारनगरात
कुकर धुऊन पालथा पडलाय, हे आत घोरताहेत,
आणि मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून
ओट्याशी उभ्या उभ्या रग्बी बघतेय.
गाऊनवर लाल जर्सी.
विहीणबाईंनी दिलेली, मानपान म्हणून.
लग्नात मी त्यांना पैठणी नेसवली होती.
हिशेब कुठेतरी चुकलाय,
कुणाच्या बाजूने ते अजून ठरत नाही.

गेल्या मार्चात आठ दिवस त्यांच्याकडे वेल्सला होते.
वसंत आहे, या, म्हणाल्या.
मी आपली तळजाईवरचा पळस मनात धरून गेले.
तिकडे वसंत म्हणजे
वारा जरा हळू थोबाडीत मारतो, एवढंच,
आणि कुंपणाशी पिवळी डॅफोडिल्स माना खाली घालून उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारखी.
एक तारखेला त्यांच्या संताचा दिवस.
काळ्या उंच टोप्यांतल्या पोरी रांगेत,
छातीवर लीक टाचलेला,
आपल्या पातीच्या कांद्याची ती आडदांड थोरली बहीण.
ग्वेनिथबाईंनी एक माझ्याही पदराला टाचला.
दिवसभर मला झुणका आठवत राहिला.

पुण्याच्या माणसाला समुद्र म्हणजे
आधी घाट, मग पोरांच्या उलट्या, मग समुद्र.
इथे दार उघडलं की समोरच,
कशावर तरी फुकट मिळाल्यासारखा.
साडीवर त्यांचा रेनकोट, पायात माझ्याच मुलाचे गमबूट,
अशी मी बाकावर बसून आईस्क्रीम खाल्लं.
दात वाजत होते.
बाई म्हणाल्या, सुट्टी आहे ना? मग खायचंच.

त्यांच्या गावाच्या नावात दोन ल शेजारी शेजारी.
जीभ टाळूला लावायची आणि कडेनं हवा सोडायची,
गरम चहावर फुंकर घालावी तशी.
मला जमेना. मग मी म्हटलं, बाई,
आता तुम्ही 'जवळ' म्हणा.
जवल, म्हणाल्या. जवड, म्हणाल्या.
कॅरिस आणि निहार पोट धरून हसत होते
आणि आम्ही दोन म्हाताऱ्या
एकमेकींच्या तोंडात डोकावून जीभ शोधत होतो.

शनिवारी मॅच.
कपाखाली बशी लागणारी ती शांत बाई
उठून उभी राहिली आणि टीव्हीला असं काही बोलली
की निहारनं त्याचं भाषांतर केलं नाही.
गरजही नव्हती.
शाळेत मी कबड्डीचा उजवा कोपरा सांभाळायचे,
माणूस अंगावर आला की छातीतून जो आवाज निघतो
तो मला सगळ्या भाषांत येतो.
एक मात्र कळेना.
जायचं पुढे, मग चेंडू मागे का द्यायचा?
बाई म्हणाल्या, तू पळत राहा,
मागे कुणीतरी असतंच.

येताना त्यांनी लाकडी चमचा दिला,
एकाच लाकडातून कोरलेली साखळी,
रुखवतात मिरवावा असा.
यानं काही वाढायचं नसतं, म्हणाल्या, हा नुसता प्रेमाचा.
आता झाऱ्याशेजारी खिळ्याला लटकतो.
एकदा डाव सापडेना तेव्हा
मी त्यानं श्रीखंडात साखर घोटली.
हे त्यांना कळवलेलं नाही.

पाडवा चार-पाच दिवसांवर. गाठी आणायच्यात.
खिडकीतून वारा येतो तो कोरडा, शेजारच्या आंब्याच्या मोहोराचा,
त्यात मिठाचा कणही नाही.
मुठेत तर काय, डबकी.
पडद्यावर लाल पोरगा तिघांना अंगावर घेऊन पडता पडता
मागे न बघता चेंडू सोडतो,
आणि मी, वेडी, मान वळवून मागे बघते.

फ्रिज.
आणि फ्रिजशेजारी हे, लुंगी सावरत, तांब्या शोधत.
"कोण हरतंय?"
"आपण," म्हटलं.
त्यांनी पाणी प्यायलं. जर्सीकडे एकदा बघितलं.
मग स्टूल ओढून बसले,
"किती वेळ उरलाय?"